कानवाल्याचा झेल

टिपणीसकाकांच्या घरात खोली हवी असेल, तर आधी सिनेमा बघावा लागायचा. अख्खा नाही, एकच प्रसंग. आणि तोसुद्धा बेसबॉलचा.

त्या काळात सिडनीच्या ब्लॅकटाउन भागात खोली मिळणं सोपं नव्हतं. आपल्याकडून विमानं भरभरून विद्यार्थी येत होते. निम्मे कुकरी शिकायला, निम्मे केस कापायला. ज्यांनी घरी स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायलेलं नाही, ते इथे सूप ढवळत होते. लोकांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं राहत होतं. घरमालक बॉण्ड म्हणजे डिपॉझिट मागायचे, आधीच्या मालकाची चिठ्ठी मागायचे, भाजी करताना हिंग घालणार का विचारायचे. टिपणीसकाका एवढंच विचारायचे, "बेसबॉल कळतो?"

"नाही, काका."

"उत्तम. बसा."

माझं सांगायचं तर मला बेसबॉलच काय, इंग्रजीतला कुठलाच खेळ कळत नव्हता. मी नववीत शाळा सोडली आणि इचलकरंजीत मामांच्या वेल्डिंगच्या दुकानात उभा राहिलो. बायको सुजाता मात्र बीकॉम. तिला अकाउंटिंगला अॅडमिशन मिळाली, तिच्या व्हिसाच्या शेपटाला धरून मी आलो. कायद्याने मी तिचा डिपेंडंट. मुंबईला विमानात बसेपर्यंत ती मला "अहो" म्हणत होती, सिडनीला उतरेपर्यंत मी "अरे" झालो होतो. माझी त्याला हरकत नव्हती. माझी कशालाच हरकत नसायची. मला सतत वाटायचं, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणेल, "तू रे? तू कसा इथे?" म्हणून मी सगळ्यांचे आभार मानत फिरायचो. बसच्या ड्रायव्हरचे, दुकानातल्या पोरीचे. एकदा पैसे दिल्याबद्दल एटीएमलासुद्धा थँक्यू म्हटल्याचं सुजाताने पाहिलं आहे आणि ते ती अजून सांगते.

तर आम्ही दोघं सुटकेसा घेऊन काकांच्या हॉलमध्ये उभे. सत्तरीचा, काडीसारखा माणूस. लुंगी, बनियन आणि डोक्यावर लाल बेसबॉलची टोपी. विजेच्या खात्यात ज्युनियर इंजिनियर होते, ती नोकरी सोडून ऐन उमेदीत इकडे आलेले. टीव्हीवर एक चामड्याचा ग्लोव्ह पालथा घातलेला. पुढे कळलं, त्यात ते घराच्या किल्ल्या, सर्दीच्या गोळ्या आणि वेलदोडे ठेवतात. भिंतीवर मालतीकाकूंचा फोटो. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटोला हार नव्हता. "तिला गजरासुद्धा टोचायचा," एवढंच काका म्हणाले आणि त्यांनी व्हीसीआरमध्ये कॅसेट घातली.

"बघत राहा, बोलू नका."

सगळं जग सीडी-डीव्हीडीवर गेलं होतं, काका कॅसेटवर होते. चित्र असं, की कुणी पाण्याच्या टाकीत बसून काढलंय. पण आम्ही हॉलप्रिंटवर वाढलेली माणसं. पडद्यासमोरून कुणी लघवीला उठून गेलं नाही, तर आम्हाला सिनेमा खोटा वाटतो. चित्राच्या खालच्या बाजूला एक काळी काठी आडवी दिसायची. तिचं काय, असं विचारलं तर काका म्हणायचे, "फ्रेमला तीट लावलीय. इतकी सुंदर फ्रेम, दृष्ट लागेल!"

प्रसंग असा. रात्रीची मॅच. मोठे दिवे लागलेले. मैदानाच्या पार टोकाला, जिथे बॉल म्हणून येत नाही, तिथे एक पोरगेलासा खेळाडू उभा आहे. त्याचे कान एवढे मोठे, की टोपी कानांवरच टेकलेली. टीममध्ये त्याला कुणी विचारत नसावं हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळतं. अख्खी मॅच संपत आलेली, आणि शेवटचा फटका आभाळात जातो तो नेमका त्याच्याच दिशेला. कानवाला वर बघत मागे मागे पळायला लागतो. बॉल वर, तोंड वर, कान दोन्हीकडे. आणि एकदम पडदा काळा! मिट्ट. काही म्हणजे काही दिसत नाही. मग त्या अंधारात फक्त आवाज. कुरुम, कुरुम, कुरुम. आणि मग—टप्प.

तेवढ्यात काका रिमोटवर अंगठा दाबायचे. खलास.

"लाईट घालवली!" काका गुडघ्यावर थाप मारून सांगायचे. "ऐन झेलाच्या वेळी त्या डिरेक्टरने अख्ख्या स्टेडियमची लाईट घालवली! आहे का हिंमत कुणाची? कुरुम कुरुम ऐकलंत? खडीवर बूट वाजतायत. पळतोय तो, अंधारात पळतोय. आणि टप्प! बॉल ग्लोव्हमध्ये. बघायची गरजच नाही. याला म्हणतात डिरेक्शन!"

या परीक्षेत सगळे नापास व्हायचे. आपल्या लोकांचा दोष नाही, तेव्हा आपल्याकडे लोडशेडिंगचा कहर होता. पडदा काळा झाला की महाराष्ट्रातला माणूस आपोआप ओरडायचा, "गेली!" डोक्यावर ट्यूबलाईट ढणढण जळत असायची, तरी. कुकरीवाला पराग उठून मेणबत्ती शोधायला लागला होता. आणि योगेश, जो नागपूरहून मेकॅनिकल इंजिनियर होऊन इथे हेअरड्रेसिंग करत होता, तो सरळ फाटकाबाहेर गेला. शेजाऱ्यांची गेली का ते बघायला.

मी गप्प बसलो. तोंडातून चुकीचं काही निघेल या भीतीने मी विमानापासूनच गप्प होतो. सुजाता ओरडायच्या बेतात होती, मी तिच्या पायावर पाय ठेवला.

काकांनी टोपी मागे सारून माझ्याकडे पाहिलं. "हा पहिला माणूस. अंधारात तोंड न उघडणारा. कुठली खोली हवी?"

नंतर सुजाता म्हणाली, "तू घाबरला होतास."

"हो. पण ते त्यांना कुठे माहितीय?"

तसं परागला आणि योगेशला नापास करूनही काकांनी ठेवून घेतलंच होतं. त्यांना फक्त मागच्या, बाथरूमच्या नळाचा आवाज येणाऱ्या खोल्या मिळाल्या होत्या. काकांनी आजवर कुणाला परत पाठवल्याचं ऐकिवात नव्हतं.

काका कुणाला नावाने हाक मारत नसत. कोर्सने मारत. "ए कुकरी, कांदा करपला!" "ए हेअरड्रेसिंग, बेसिनमध्ये केस कुणाचे?" सुजाता अकाउंटिंग. मला कोर्स नव्हता. मी "ए डिपेंडंट".

बेसबॉलमध्ये म्हणे खुणांची भाषा असते. काकांनी ती घरात लावली होती. नाकाला बोट म्हणजे दूध संपलं. कानाची पाळी ओढली म्हणजे आज कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा. टोपी दोनदा उचलली म्हणजे गरम पाणी पुरे, बाहेर या. पण ही खूण ते बंद बाथरूमच्या दारासमोर उभे राहून करायचे, त्यामुळे ती आत कधी पोचली नाही. एकदा सुपरमार्केटमध्ये मी रांगेत आणि काका लांब दह्यापाशी. त्यांनी नाक, कान, टोपी, पुन्हा नाक, असं काहीतरी सुरू केलं. मला वाटलं, दूध आणि कचरा. सिक्युरिटीवाल्याला वाटलं, आमची टोळी आहे. त्याने आम्हाला बाहेरपर्यंत सोबत केली. मी त्याला थँक्यू म्हटलं.

क्रिकेटवर त्यांचा राग. "क्रिकेट म्हणजे सरकारी नोकरी. पाच दिवस नुसतं उभं राहायचं, मध्ये जेवण, मध्ये चहा, आणि शेवटी निकाल नाही." गणपतीत आपल्या लोकांच्या मॅचेस होत, तिथे एका वर्षी अंपायर आला नाही म्हणून यांना उभं केलं. केलीव्हिलचा एक आयटीवाला बॅटिंगला आला. मोठं घर, दोन गाड्या, बायको व्हिडिओ काढतेय. त्याचे तीन बॉल हुकले. काकांनी बोट वर केलं.

"काका, आउट कसा? बॅटला लागलासुद्धा नाही!"

"म्हणूनच. तीन चुकले. घरी जा."

"अहो, हे क्रिकेट आहे!"

"ते तुझं दुर्दैव."

तो गृहस्थ आजही देवळात भेटला की प्रसाद घेतो आणि तोंड फिरवतो.

पण काकांची सगळ्यात विचित्र सवय फोनची. हॉलमध्ये एक फोन होता. रविवारी आम्ही ओळीने कॉलिंग कार्ड घेऊन उभे राहायचो. काका खुर्चीत पेपर धरून बसलेले. पराग आईला सांगायचा, "हो गं, रोज ताजं जेवतो." खुर्चीतून हळूच आवाज यायचा, "टप्प." योगेश वडिलांना सांगायचा, "बाबा, मशिन डिझाइनचंच आहे, थोडं प्रॅक्टिकल जास्त आहे." "टप्प." आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याच्या डोक्यात ती कॅसेट फिरतेय. योगेशने त्यावर डोक्याला तेल चोळायचा उपाय सुचवला होता.

मी गाड्या धुवायच्या ठिकाणी कामाला होतो. थंडी सुरू झाली, पाऊस लागला, गाड्या आपल्या आपण धुतल्या जायला लागल्या आणि मालकाने "नो वरीज मेट, कॉल करतो," असं म्हणून मला सोडलं. कॉल आला नाही. त्या रविवारी आईने विचारलं, "काम बरं चाललंय न्हवं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मला सुपरवायझर केलंय."

खुर्चीतून आवाज आला नाही. मी वळून पाहिलं. काकांनी पेपर खाली घेतला होता. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "टप्प. ए डिपेंडंट, उद्या कुंपणाचं गेट वेल्ड करायचंय. मशिन भाड्याने आणू." गेट झालं. मग त्यांनी शेजारच्या व्हिएतनामी बाईंचं गेट मोडलंय असं शोधून काढलं. मग तिच्या जावयाचं. मला नोकरी नव्हती, पण ब्लॅकटाउनमधली गेटं माझ्या भरवशावर उघडत-मिटत होती.

आणि मग एक दिवस व्हीसीआरने कॅसेट चावली.

आत घर्र झालं, काकांनी झडप घातली, आणि बाहेर आली ती चुरगळलेली काळी फीत. मी त्या माणसाचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. जमिनीवर बसून, पेन्सिल घालून, एकेक वेढा सरळ करत त्यांनी ती परत गुंडाळली. पण लावून बघायचं धाडस झालं नाही. "पुन्हा चावली तर?" म्हणाले. ती ग्लोव्हमध्ये ठेवून दिली, वेलदोडे बाहेर काढून.

त्यानंतर घर बिघडलं. काका नाकाला बोट लावेनात, दूध संपायचं ते संपूनच राहायचं. एक पंजाबी मुलगा खोली बघायला आला, त्याला नुसतं "राहा" म्हणाले. ना बेसबॉल, ना "बघत राहा". पराग धास्तावून म्हणाला, "काका कुणालातरी घर विकणार बहुतेक." फोनवर आम्ही वाट्टेल तेवढं खोटं बोलत होतो, टप्प ऐकू येत नव्हतं. चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

मला तर रात्रंदिवस एकच. या माणसाने मला छप्पर दिलं, गेटं दिली. त्याचा एक सिनेमा आपण आणू शकत नाही? पण नाव? नाव काकांनाच माहीत नव्हतं. "सुरुवात चुकली होती," म्हणायचे. शेवटी सुजाता एका सेकंडहँड दुकानात जुन्या डीव्हीड्यांच्या खोक्यात हात घालून बसली आणि ओरडली, "अरे, कान!" खरंच. कव्हरवर लाल टोपीतला तो, टोपी कानांवर टेकलेली.

रविवारी दुपारी आम्ही सरप्राइज ठेवलं. परागने पोहे केले, योगेशने लॅपटॉप टीव्हीला जोडला, सुजाताने सासूबाईंनी कुणाबरोबर तरी पाठवलेला चकल्यांचा डबा काढला. काकांना मधे बसवलं. मी कधी नव्हे ते भाषण केलं. "काका, तुमचा झेल. एकदम क्लीन प्रिंट. आता कितीही वेळा बघा."

काका काहीतरी बोलायला गेले. योगेश म्हणाला, "काका, बघत राहा, बोलू नका."

तोच प्रसंग आला. काय चित्र! गवताचं पातंन्पातं. दिवे लागलेले. खालची काळी काठी गायब. फटका बसला, बॉल वर गेला, कानवाला मागे पळू लागला. आम्ही सगळे अंधाराची वाट बघत पुढे सरकून बसलो.

अंधार झालाच नाही.

दिवे तसेच झगझगत राहिले. कानवाला पळाला, खडी नव्हतीच, हिरवंगार गवत, कुरुम नाही की काही नाही. त्याने हात वर केला, बॉल ग्लोव्हला लागला, आणि निसटून खाली पडला. सरळ सरळ सुटला. कानवाला गुडघ्यांवर बसला. लोक ओरडले.

"अरे, सुटला!" पराग ओरडला. योगेश हसत सुटला. "काका, ह्याने तर सोडला! एवढी वर्षं तुम्ही—"

काका उठले आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

खोली गेली, हे पहिलं डोक्यात आलं, खोटं कशाला बोलू. मी मागोमाग गेलो. काका कपडे वाळत घालायच्या गोल छत्रीखाली उभे होते, आमच्या ओल्या टॉवेलांच्या मध्ये.

"काका, चुकलं. तुमची मजा घालवली आम्ही."

"सुटला ते मला काय नवीन आहे?" काका म्हणाले. "मी समोर होतो."

"समोर?"

"इथे मोकळ्या मैदानात मोठा पडदा लावून सिनेमा दाखवतात, लोक गाडीत बसून बघतात. आईला पत्रात कळवलं, तर म्हणाली, थापा मारतोस. म्हणून कॅमेरा घेऊन गेलो. तिला शूटिंग करून पाठवायला."

मला त्या काळ्या काठीचा उलगडा झाला. "ती गाडीचा वायपर?"

"मग काय तीट? मालती शेजारी चकल्या खात बसलेली. म्हणाली, हा कानवाला आपल्यातलाच दिसतोय, लांब उभा केलाय बिचाऱ्याला. बॉल वर गेला. मी कॅमेऱ्यातून बघतोय, आणि एकदम सगळं काळं. हिने गाडीतला सिनेमाचा स्पीकर बंद करून लेन्सवर हात ठेवलेला! चकलीचा तेलकट हात. नवी लेन्स! सुटणार हे तिला आधीच दिसलं होतं."

"म्हणजे कुरुम कुरुम..."

"चकली. ती कधीही खायची थांबत नसे."

"आणि टप्प?"

"डब्याचं झाकण." काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. कुठलीच खूण नव्हती ती. "त्याच आठवड्यात इथल्या कारखान्याने मला घरी बसवलं होतं. आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मालती म्हणाली, आई पहिल्यांदा आपलं इकडचं काहीतरी बघणार, त्यात झेल सुटलेला कशाला?" त्यांनी एका टॉवेलाचा चिमटा नीट केला. "आईने ती कॅसेट गल्लीभर दाखवली. ती गेल्यावर भावाने परत पाठवली."

मी टॉवेलाची टोकं सरळ करत राहिलो. सुपरवायझर झाल्याचं मी सांगितलं, तेव्हा हा माणूस पेपर खाली घेऊन माझ्याकडे का बघत होता, ते मला आत्ता कळत होतं.

"काका, कॅसेट लावून बघू या?"

"चावली तर?"

"मी प्लगपाशी उभा राहतो. घर्र झालं की खेचतो."

काका हसले. "डिपेंडंट, लाईट घालवणारा तूच एक राहिला होतास."

आम्ही आत आलो. मी भिंतीपाशी, हात प्लगवर. काकांनी कॅसेट आत ढकलली. चित्राचं पार वाटोळं झालं होतं. पट्टे, ठिपके, कानवाल्याचे कान एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. बॉल कुठे गेला देवाला ठाऊक. मग अंधार झाला. अंधाराला मात्र काही झालं नव्हतं. तो होता तसाच होता, काळाकुट्ट. या वेळी कुणी "गेली" म्हटलं नाही.

कुरुम, कुरुम, कुरुम. टप्प.

काकांचा अंगठा रिमोटवर होता. दाबला नाही.

आणि मग त्या अंधारातून, अगदी कानाशी, तोंडात चकली असलेल्या बाईचा आवाज आला. "झेलला हो, आई! इकडचं सगळं छान आहे. काळजी करू नका."

मागे एका पुरुषाचं हसू दाबल्यासारखं ऐकू आलं. मग खरखर. मी प्लग खेचला नाही, खरखर तशीच चालू राहिली. परागने पोह्यांची बशी हातात धरून ठेवली होती. योगेशने जाऊन काकूंच्या फोटोकडे पाहिलं, जणू तो आज पहिल्यांदाच लावलाय.

तेवढ्यात फोन वाजला. सगळ्यात जवळ मी होतो. आई होती, तिकडून कधी नव्हे ते तिनेच केलेला.

"बरं हाय न्हवं रं? आवाज असा का?"

मी खुर्चीकडे पाहिलं. काका पडद्याकडे बघत होते, त्यांचं इकडे लक्ष नव्हतं.

"मजेत आहे, आई," मी म्हटलं. "सगळं छान चाललंय."

मागे सुजाता चकलीच्या डब्याचं झाकण लावत होती.